साहेब, आमच्याबद्दल दोन शब्द लिहा

वर्धा जिल्ह्यात उतरलेल्या गोऱ्या माणसाला सूतमाळ, गोरसपाक आणि अभिप्रायाची वही हे तिन्ही चुकत नाहीत. सूतमाळ गळ्यात पडते, गोरसपाक तोंडात जातो आणि वही पुढ्यात येते. अकोल्याचा किंवा फार तर पुण्याचा माणूस आला तर त्याला फक्त चपला बाहेर काढायला सांगतात. त्याचा अभिप्राय आपल्याला आधीच ठाऊक असतो: ऊन फार आहे, बसस्टँडवर पाणी नाही. ही तक्रार झाली. हेच वाक्य स्पेनच्या माणसानं म्हटलं की त्याचं निरीक्षण होतं आणि दुसऱ्या दिवशी जिल्हा पुरवणीत फोटोसह छापून येतं, ‘विदेशी पाहुण्यालाही भावले वर्धा’. पाणी नव्हतं हा भाग जागेअभावी कापलेला असतो.

ही हौस आजची नाही. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी सेगावात राहायला आले आणि जगभरच्या पत्रकारांना वर्धा जंक्शनवर उतरायची सवय लागली. सेगावची टपाल शेगावला जाऊ लागली, म्हणजे महात्म्याची पत्रं महाराजांच्या गावी. शेवटी १९४० मध्ये गावाचं नावच सेवाग्राम करावं लागलं. पोस्टखातं सुधारण्यापेक्षा गावाचं नाव बदलणं सोपं, हा प्रशासनातला मोठा शोध आमच्याच जिल्ह्यात लागला. पुढे सगळ्या देशानं तो उचलला, आम्हाला श्रेय मात्र कुणी दिलं नाही.

या पाहुण्यांत सगळ्यात गाजला लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार. गडी कच्चा नव्हता. स्पेनच्या यादवी युद्धात परदेशी स्वयंसेवकांच्या इंटरनॅशनल ब्रिगेडमध्ये नाव नोंदवून, तिथला कोठीघराचा कारभार बघून आलेला. फ्रँकोच्या फौजेला तोंड दिलेला हा माणूस जून १९४२ मध्ये सेवाग्रामला आला आणि आमच्या उन्हानं त्याचा पार निकाल लावला. मग त्यानं शक्कल लढवली. पत्र्याच्या टबात पाणी भरायचं, त्यात लाकडी खोकं ठेवायचं, खोक्यावर टॉवेलची घडी, घडीवर आपण. टबाबाहेर दुसरं खोकं, त्यावर टाइपरायटर. घाम फुटला की वाटीनं अंगावर पाणी घ्यायचं आणि पुढचं वाक्य ठोकायचं. ‘छोडो भारत’चा ठराव दोन महिन्यांवर आला होता, हिंदुस्थानचं काय होणार याची चर्चा शेजारच्या कुटीत चालली होती, आणि तिची टिपणं या टबात तयार होत होती. आश्रमात हसू पिकलं. आजचं टबस्नान झालं का, अशी चौकशी गांधीजी त्याच्याकडे रोज करू लागले.

आठवडाभर राहून फिशरनं पुस्तक काढलं. आमच्या पिढ्यान् पिढ्या इथं बाराही महिने बसून आहेत, तेही टबाशिवाय, पण आमच्या घामावर कुणी प्रकरण लिहिलेलं नाही. माणूस थोडे दिवस राहिला तर ग्रंथ होतो, जन्मभर राहिला तर नुसता मतदार.

तर समजा, आजच्या घडीला एखादा स्पॅनिश माणूस वर्ध्यात बिऱ्हाड करून राहिला. समजायला काय जातं? हिंदी विश्वविद्यालयात तो हिंदी शिकायला आला, असं धरू. मराठी मुलखाच्या मधोमध आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ आहे, हे त्याचं पहिलं आश्चर्य. दुसरं आश्चर्य बाजारात. “महोदया, कृपया इस शाक का मूल्य बताइए,” असं तो विचारणार आणि भाजीवाली बाई शेजारणीला म्हणणार, “पाय वो माय, हा विमावाला दिसते.”

पहिले काही दिवस त्याला माहेरी आल्यासारखं वाटेल. दुपारी जेवून तासभर आडवं होण्यासाठी स्पेन जगात प्रसिद्ध आहे. आमच्याकडे हीच गोष्ट मे महिन्यात प्रत्येक घरात, प्रत्येक दुकानात आणि काही कार्यालयांत होते, फक्त तिची जाहिरात झालेली नाही. एकच्या सुमारास रस्ता ओस पडतो, कूलरची टाकी भरली जाते आणि किराणा दुकानाच्या गल्ल्याजवळ मालक तोंडावर दुपट्टा टाकून जिल्ह्याची अर्थव्यवस्था सांभाळतो. रात्री दहाला जेवण्याची सवयही त्याला अडचणीची ठरणार नाही. लग्नाच्या पंगतीला बोलवा, बाराच्या आत पान वाढलं तर नशीब म्हणायचं.

अडचण येईल ती पेल्याची. द्राक्षाच्या मुलखातून आलेला हा बापडा बरोबर त्या जिल्ह्यात येऊन पडला, जिथं सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. घरमालक त्याला पहिल्याच दिवशी गंभीर चेहऱ्यानं सांगेल, “इथं मिळत नाही हं.” दुसऱ्या दिवशी तोच घरमालक हळू आवाजात विचारेल, “कोणती पाह्यजे?” वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ, अमरावती, वर नागपूर. बंदी आमच्याकडे, दुकानं शेजाऱ्यांकडे, आणि दोहोंच्या मध्ये मोटारसायकलींचा भरभराटीला आलेला वाहतूक धंदा. पेपरात दर काही दिवसांनी पोलिसांच्या ‘वॉश आऊट मोहिमे’ची बातमी वाचून पाहुण्याला वाटेल, स्वच्छता अभियान असावं. तसं ते असतंच. नाल्याकाठी पुरलेले ड्रम बाहेर निघतात, मोहाचा सडवा सांडला जातो, फोटो निघतो. पुढच्या मोहिमेसाठी ड्रम पुन्हा भरावे लागतात, नाहीतर पोलिसांनी सांडायचं काय?

त्यात कुणी त्याला पुलगावकडे घेऊन गेलं तर तो वहीत काय लिहील, देव जाणे. सेवाग्रामापासून तासाभराच्या रस्त्यावर लष्कराचं अवाढव्य दारूगोळा भांडार. अहिंसेचा जिल्हा, दारूला बंदी, दारूगोळ्याला मुभा.

व्यापाराचं म्हणाल तर त्याचा जीव संत्र्यात अडकणार. तो व्हॅलेन्सियाच्या बाजूचा निघाला तर बघायलाच नको. तिकडचा संत्रा सगळ्या युरोपाच्या बाजारात जातो. एक दिवस तो कारंजा घाडगेला जाईल, आष्टी-आर्वीकडच्या बागा पाहील, फळाचा वास घेईल आणि म्हणेल, काय माल आहे! मग पेटीवरचं नाव वाचेल: नागपुरी संत्रा.

“हा संत्रा नागपुर का है?”

“नाही जी, इथलाच.”

“तो नाम नागपुर का क्यों?”

“वर्ध्याचा म्हटलं त कोण घेईन, बाप्पा?”

हे उत्तर त्याला कळायला वेळ लागेल. त्याहून जास्त वेळ लागेल तो बागेचा सौदा कळायला. आपल्याकडे फळ तोडून विकत नाहीत, बाग उभीच विकतात. व्यापारी येतो, झाडांखालून फिरतो, हात मागे बांधून वर बघतो, नापसंतीचा चेहरा करतो, आकडा सांगतो, इसार देतो आणि जातो. भाव चढला तर ठरल्या दिवशी त्याची माणसं तोडायला हजर. फळगळ लागली किंवा भाव पडला तर त्याचा फोन लागत नाही. शेतकरी झाडाखाली पडलेला खच बघत फोन लावत राहतो. बांगलादेशानं आयातशुल्क वाढवत नेलं तेव्हा वरुड-कारंज्याच्या संत्र्याचे असेच हाल झाले. ढाक्यातल्या एका निर्णयानं इथल्या मुलीचं लग्न पुढं जातं, ही जागतिकीकरणाची व्याख्या व्हॅलेन्सियात शिकवत नसावेत. स्पॅनिश भाऊ म्हणेल, इथंच रस काढायचा कारखाना का नाही? आम्ही म्हणू, आहे ना! संत्रा पट्ट्यातल्या दर निवडणुकीच्या जाहीरनाम्यात एक उभा राहतो, मतमोजणीच्या दिवशी पाडावा लागतो.

आमच्या मालावर विदेशी माणसाची नजर पडणं तसं जुनं आहे. हिंगणघाटचा कापूस मँचेस्टरवाल्यांना आवडला तेव्हा इंग्रज सरकारनं मध्य प्रांतात खास कापूस कमिशनर नेमला होता. त्याचीही निरीक्षणं छापली गेली. त्या निरीक्षणानंतर रेल्वे आली, जिनं आली, कापूस गेला. पाहुणा काय पाहतो यापेक्षा काय घेऊन जातो हे बघावं, असं आजोबा म्हणायचे; पण आजोबांच्या अभिप्रायाला वही नव्हती.

राजकारण मात्र त्याला लवकर समजेल. त्याच्या देशात २०१५ ते २०१९ या काळात कुणालाच बहुमत जमेना म्हणून चारदा सार्वत्रिक निवडणूक घ्यावी लागली. हे तो चहाच्या टपरीवर जरा लाजत सांगेल. टपरीवरचे म्हणतील, हे तर काहीच नाही. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढं वर्षानुवर्षं निवडणुकीविना प्रशासकानं कारभार केला, कुणाचं काही अडलं नाही. लोकशाही जास्त झाली की काय होतं ते त्यानं सांगावं, नसली की काय होतं ते आम्ही.

गांधींचा जिल्हा म्हणून तो खादीच्या टोप्या मोजत फिरेल. त्याला कुणीतरी सांगायला हवं की याच जिल्ह्यानं १९९१ मध्ये रामचंद्र घंगारे या मार्क्सवादी कम्युनिस्टाला लोकसभेत पाठवलं. पुढं कमळ आलं. आणि २०२४ मध्ये तर मतदान यंत्रावर काँग्रेसचा उमेदवारच नव्हता. आर्वीचे काँग्रेसवाले अमर काळे तुतारी घेऊन उभे राहिले आणि निवडून आले. राष्ट्रीय पुढाऱ्यांचं मात्र वर्ध्यावाचून भागत नाही. २०१८ च्या गांधी जयंतीला काँग्रेसची कार्यकारिणी सेवाग्रामात बसली, सोनियाजी आणि राहुलजींनी जेवल्यावर आपापली ताटं स्वतः धुतली. आमच्या घराघरांत बाया दिवसातून दोनदा तेच करतात, पण त्यांच्यासमोर कॅमेरा नसल्यामुळे त्याला घरकामच म्हणतात. सहा महिन्यांनी, १ एप्रिल २०१९ ला, पंतप्रधानांनी महाराष्ट्रातल्या प्रचाराचा नारळ इथंच फोडला. सगळ्यांचे नारळ आमच्या दगडावर फुटतात, खोबरं कुठं जातं त्याची नोंद नाही.

इथपर्यंत सगळं गोड. पाहुणा पाहतो, लिहितो, आम्ही खूश. पण विदेशी माणसांत दुसरीही एक जात असते, ती पाहत बसत नाही. ती कामाला लागते. तिचं काय करायचं हे आम्हाला कधीच सुधरलं नाही.

मीराबेनचंच बघा. इंग्रज रिअर ॲडमिरलची लेक, १९२५ मध्ये सगळं सोडून आली. सेवाग्रामच्या आधी तिनं वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी गावात खराटा हातात घेतला. गावानं काय केलं? बघितलं. मडमीला रस्ता झाडताना पाहणं हा सकाळचा कार्यक्रम झाला, झाडणं हे मडमीचंच काम राहिलं. पुढं ती हिमालयात गेली, जंगलं तोडू नका, ओकाच्या जागी पाइन वाढू देऊ नका, असं सरकारला सांगत राहिली. १९५९ मध्ये देश सोडून गेली. १९८१ मध्ये सरकारनं पद्मविभूषण दिलं. म्हणणं ऐकण्यापेक्षा पदवी देणं स्वस्त पडतं.

किंवा तो पोलंडचा इंजिनिअर, मॉरिस फ्रिडमन. सेवाग्रामात त्यानं धनुष तकली घडवली, त्याला भारतानंद हे नाव मिळालं, औंध संस्थानच्या स्वराज्याच्या घटनेत त्याचा हात, आणि म्हातारपणी निसर्गदत्त महाराजांची मराठी प्रवचनं त्यानं इंग्रजीत नेली. आज वर्ध्याच्या चौकात त्याचं नाव काढा. टायरच्या कंपनीबद्दल विचारताय असं लोकांना वाटेल.

आणि अस्सल स्पॅनिशच हवा असेल तर तोही महाराष्ट्रात होऊन गेला. बार्सिलोनाचा व्हिसेंते फेरर, जेझुइट पाद्री. १९५२ मध्ये भारतात आला आणि मनमाडच्या कोरडवाहू पट्ट्यात स्थिरावला. लोकांचे स्वभाव, सण, पोशाख यांवर छान छान लिहून पाठवायचं सोडून हा गृहस्थ शेतकऱ्यांना विहिरी खोदायला लावू लागला. विहिरीला पाणी लागलं, आणि पाण्यापाठोपाठ कुरबूरही. हा धर्मांतर करतो, असा आरोप झाला. १९६८ मध्ये देश सोडण्याचा हुकूम निघाला. तेव्हा हजारो शेतकरी त्याच्यासाठी मुंबईच्या दिशेनं चालत निघाले. अखेर इंदिरा गांधींनी तोडगा काढला: फादर थोड्या सुटीवर जात आहेत, परत आले तर स्वागत होईल. ते पुढच्याच वर्षी परत आले, पण महाराष्ट्रात नाही. आंध्रातल्या अनंतपूरनं जागा दिली, आणि २००९ मध्ये तिथंच ते गेले. तिथं त्यांच्या नावाची संस्था आहे, इस्पितळं आहेत. मनमाडला जंक्शन आहे.

तेव्हा आमच्या या काल्पनिक पाहुण्याला एक फुकटचा सल्ला. विदेशी माणूस मुक्कामाला उतरला की यजमानाला चोवीस तासांत त्याचा फॉर्म भरून पोलिसांकडे पाठवावा लागतो. त्यात ‘येण्याचे प्रयोजन’ असा रकाना असतो. तिथं पर्यटन लिहा. संशोधन लिहिलंत तरी चालेल, एखादं विद्यापीठ सत्कार ठेवेल. वर्ध्याचा निसर्ग, गांधीविचार, स्थानिक खाद्यसंस्कृती, काय वाट्टेल ते लिहा. फक्त ‘विहीर’ हा शब्द त्या रकान्यात लिहू नका. लिहिलात, तर खिडकीतले बाबू चष्मा वर करून कागद बाजूला ठेवतील आणि म्हणतील, “सोमवारी या, साहेब दौऱ्यावर आहेत.”