प्रलय परवडत नाही

सिनेमात जग बुडवायचं म्हणजे निर्मात्याचं दिवाळं. न बुडवायचं असेल तर मात्र एक लाल दिवा आणि घामेजलेला नायक पुरतो. बॉम्ब ऐन वेळी निकामी होतो तेव्हा लोक नायकासाठी टाळ्या वाजवतात. मला मात्र पडद्यामागे हुश्श करणारा निर्माता दिसतो.

या जातीतला आमच्या घरचा लाडका सिनेमा म्हणजे मेहुल कुमार यांचा १९९३चा ‘तिरंगा’. केबलवर लागला की नाशिकच्या आमच्या घरात वरणाला फोडणी उशिरा बसे. दीपक शिर्के यांचा प्रलयनाथ शास्त्रज्ञांना पळवतो, क्षेपणास्त्रं उभी करतो, कळ दाबतो आणि काहीच होत नाही. राजकुमारने आधीच त्यांचे ‘फ्यूज कंडक्टर’ काढून नेलेले असतात. देश वाचला, स्फोटाचा खर्चही वाचला!

आमचे मामा ओझरला ‘एचएएल’मध्ये. मिग विमानांत हयात गेलेली. या प्रसंगाला ते दर वेळी ताट बाजूला सारून उठत. “अरे, काढले ते काढले, स्टोअरला नोंद कुठंय?” प्रलयनाथ हरला याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं, उड्डाणाआधी तपासणी न करता कळ दाबणारा माणूस त्यांना देशद्रोह्याहून वाईट वाटे. मामी म्हणायची, “तुम्ही तिथं असता तर उडाली असती ना ती!” यावर मामा गप्प, कारण प्रश्न अवघड होता.

आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावकरांना खर्चाचं हे गणित फार आधी उमगलं. नासिर शेख यांनी यंत्रमागावर राबणाऱ्या शफीकला सुपरमॅन केला आणि हिरव्या कापडापुढे उडवला. फैझा अहमद खान यांच्या माहितीपटात तो सगळा खटाटोप दिसतो. तिथं जग वाचवायचं ते पदरच्या पैशात. त्यामुळे संकटंही बेतानंच येतात.

फाळके मात्र याला अपवाद. त्र्यंबकेश्वरच्या या गृहस्थानं १९१७ साली नाशकात ‘लंकादहन’ काढला आणि लंका जाळून दाखवली. ऐन क्षणी हनुमंताच्या शेपटीतला फ्यूज काढला नाही. हे जमलं कसं? माझा आपला तर्क असा, की राम आणि सीता दोघंही अण्णा साळुंखे यांनीच केले होते. एका पगारात दोघं भागले, म्हणून जाळायला चार पैसे उरले.