राखणदाराची राखण

धुळ्याच्या देवपुरात बंगल्यांच्या फाटकांवर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी असते आणि आत बहुधा सोफ्यावर बसलेला एक पॉमेरेनियन असतो. मळ्यात पाटी लावायची पद्धत नाही. तिथे पाहुणा बांधावरूनच ओरडून चौकशी करतो आणि आतून उत्तर येतं, "या ना, काही करत नही." या उत्तरावर खानदेशात आजवर कुणी विश्वास ठेवलेला नाही. सांगणारा खोटं बोलत नसतो. कुत्रा आपल्याला काही करत नाही, एवढीच माहिती तो देत असतो.

आमचा मळा साक्री तालुक्यात, पांझरेपासून फार लांब नाही. बैलजोडी, गायी, एक म्हैस आणि शेळ्या. शेळ्यांचा आकडा सांगत नाही, कारण आजीचा वेगळा आहे आणि बापूंचा वेगळा, आणि ज्या दिवशी ते दोन्ही जुळवायला बसतात त्या दिवशी घरात स्वयंपाक उशिरा होतो. बापू म्हणजे माझे धाकटे काका. मी जळगावला नोकरी करतो, त्यामुळे मळ्यात माझ्याकडे फक्त सल्ला देण्याचं खातं आहे.

शेतीची थ्री फेज कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बापू मध्यरात्री उठून विहिरीवर मोटर सुरू करायला जातात. मागे खळ्यात उरतात जनावरं आणि सालदार. सालदार जागा असला तर प्रश्न नाही, पण तो जागा असल्याचा पुरावा अजून मिळालेला नाही. पूर्वी भीती चोराची होती. आता चोर गाडी घेऊन येतो, शेळ्या मागच्या सीटवर बसवून नेतो, आणि चोराच्या जोडीला बिबट्याही आलाय.

बिबट्याने राहावं कुठे, हे सरकारने केव्हाच ठरवून दिलंय. 1969 मध्ये यावल अभयारण्य झालं, 1986 मध्ये शिरपूर तालुक्यात अनेर धरणाचं. हद्दी नकाशावर स्पष्ट आहेत. पण बिबट्याच्या दृष्टीने उसाचा फड म्हणजे जंगलच, आणि रावेर-यावलच्या केळीत तर ऐन मे महिन्यात सावली, ओल आणि ठिबकचं पाणी सगळं आयतं. यावलचा माझा एक मित्र घड बघायला बागेत शिरताना मोबाइलवर मोठ्याने भजन लावतो. देवासाठी नाही, आपण येतोय हे आतल्यांना कळावं म्हणून. यात नुसती गंमत नाही. 2017 मध्ये चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या बाजूला बिबट्याने माणसं मारली, तेव्हा दिवस मावळायच्या आत शेतं ओस पडायची.

तर कुत्रा पाळायचा, असं ठरलं. सल्ला माझ्या खात्यातला असल्यामुळे मी वाचायला बसलो, आणि पहिल्याच फटक्यात जे हाती लागलं ते बापूंना सांगावं की नाही असा प्रश्न पडला. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला होता. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वजनाच्या हिशेबाने 39 टक्के आहार निघाला कुत्र्याचा. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सात पट, तरी आहारात शेळी 11 टक्केच. शेळी रात्री कुडाच्या आत असते आणि तिला राखणारा बाहेर.

बापूंनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "मग बरोबरच आहे," ते म्हणाले. "तो कुत्रा खाईल, शेळी वाचेल."

आजी शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मंग हाऊ राखणदार नही, निवद शे."

निवद हा शब्द बापूंना लागला. बिबट्याला खाता येणार नाही एवढा मोठा कुत्रा आणायचा, असं त्यांनी ठरवलं आणि ते थेट नाशिकला गेले. विकणाऱ्याने 'डबल कोट, डबल बोन' जर्मन शेफर्ड दाखवला. कुत्र्याच्या बाजारात हाडं आणि केस नेहमी दुप्पटच असतात, एकेरी हाडाचा कुत्रा अजून कुणी विकायला काढलेला नाही. सोबत वंशावळीचे कागद. त्यात त्याच्या पणज्यापर्यंतची नावं होती, सगळी साहेबी. आमच्या घरात पणजोबांच्या मागचं नाव फक्त त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींना माहीत असेल. कागदावर त्याचं नाव सीझर होतं. सालदाराने त्याचा खळ्यात उतरताक्षणी शिझ्या केला.

शिझ्या फेब्रुवारीत आला तेव्हा रुबाबदार होता. बांधावरून जाणारे थांबून बघायचे. एप्रिल लागला, पारा 45 कडे सरकला आणि दुप्पट केसांचा अर्थ त्याला आणि आम्हाला एकदमच कळला. आधी त्याने पाण्याच्या टाकीखाली खड्डा खणला. मग ठिबकच्या नळ्यांतून पाणी येतं हा शोध लावला आणि चार ठिकाणी नळी चावून स्वतःची सोय करून घेतली. त्या दाट केसांत खळ्यातल्या गोचिडांनी कायमची वस्ती केली. जनावरांचे डॉक्टर गायीला तपासायला आले होते, ते दुपारभर शिझ्याच्या अंगावरून हात फिरवत बसले आणि गाय तशीच राहिली. आजीने कळण्याची भाकरी ताकात कुस्करून त्याच्यापुढे ठेवली. आमच्याकडे या जेवणाला पाहुणासुद्धा नाही म्हणत नाही. शिझ्याने वास घेतला आणि मान फिरवली.

"याले भाकर नको, पंखा पाहिजे," आजी म्हणाली.

तिचं बोलणं बापूंनी शब्दशः घेतलं. खळ्यात कूलर आला. पहिल्याच दुपारी म्हैस दावं तोडून त्याच्यापुढे येऊन बसली ती बसलीच, आणि म्हशीला उठवण्याची हिंमत शिझ्याच्या वंशावळीत कुणालाच झाली नसती. त्याच्यासाठी पाकिटातलं खाद्य येऊ लागलं, ते शेळ्यांना फार आवडलं. रात्री तो भुंकायचा, नाही असं नाही. बेडकांवर भुंकायचा, अचानक लाइट आली की बल्बवर भुंकायचा. एका रात्री खळ्यामागे कोल्हे ओरडायला लागले तेव्हा तो धावत सुटला आणि सालदाराच्या बाजेखाली शिरला. तिथेच झोपायची त्याला नंतर सवय लागली. सालदाराच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्याइतका सुरक्षित माणूस त्या रात्री साक्री तालुक्यात नव्हता.

बापूंनी हार मानली नाही. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात, म्हणजे बिबट्याला मानगूट धरता येत नाही, हे मी सांगितलं होतं. लोहाराकडून तसा पट्टा करून आणला. तो घालून शिझ्या सवयीने बाजेखाली शिरला आणि सालदार मध्यरात्री किंचाळत उठला. पट्टा निघाला. तो आजही खुंटीला आहे, कारण टाकून देववत नाही. 2025 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडचे लोक तसेच खिळ्यांचे पट्टे स्वतःच्या गळ्यात घालून शेतात जाऊ लागले ही बातमी आली, तेव्हा बापूंनी तो काढून स्वतःच्या मानेला लावून पाहिला. कुणी हसलं नाही.

दरम्यान माझं वाचन चालूच होतं. तुर्कस्तानात कांगाल, इटलीत मारेम्मा, फ्रान्स-स्पेनच्या डोंगरात ग्रेट पिरेनीज, सगळे मेंढरांचे राखणदार. अमेरिकेत रे आणि लोर्ना कॉपिंजर या जोडप्याने 1976 पासून हॅम्पशायर कॉलेजात अशा कुत्र्यांवर काम केलं. त्यांच्या लिखाणातला मुद्दा असा, की पिल्लू डोळे उघडून जरा चालायला लागलं की त्याला माणसात नाही, मेंढरांत वाढवायचं. मग मेंढरं हेच त्याचं गणगोत. तो लांडग्याशी कुस्ती खेळत नाही, मध्ये येऊन उभा राहतो आणि कटकट करतो. शिकारी जनावर हिशेबी असतं, कटकटीच्या दारात ते थांबत नाही. नामिबियात 1994 पासून चित्ता वाचवणारी एक संस्था शेतकऱ्यांना असे कुत्रे देते, म्हणजे शेळ्याही वाचतात आणि चित्त्यालाही गोळी लागत नाही. सगळ्यात कहर ऑस्ट्रेलियातल्या वॉर्नमबूलचा. तिथल्या एका बेटावरचे शेकडो छोटे पेंग्विन कोल्ह्यांनी खाऊन दहाच्या आत आणले होते. 2006 मध्ये तिथे मारेम्मा कुत्रे राखणीला ठेवले आणि पेंग्विन पुन्हा वाढले. कल्पना एका कोंबडीवाल्या शेतकऱ्याची होती.

"पेंग्विनची राखण होते, तर शेळीची का होणार नाही?" मी विचारलं.

"पेंग्विन दुसऱ्याच्या मक्यात शिरतो का?" बापू म्हणाले.

तरी कांगाल त्यांच्या मनात भरला होता. तेवढ्यात मार्च 2024 मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने हिंस्र ठरवलेल्या 23 जातींवर बंदी घालायला राज्यांना कळवलं आणि त्यात कांगाल निघाला. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्दही केलं, पण बापूंचं मत यादी वाचूनच पक्कं झालं होतं. त्यांच्या अनुभवाने सरकार ज्या वस्तूवर बंदी घालतं ती कामाची असते. कांगालची किंमत ऐकल्यावर मात्र ते सरकारच्या बाजूने झाले.

आणि इतके दिवस ज्यांना आम्ही कुत्र्यांत धरत नव्हतो ते कुत्रे दिवाळीनंतर दरवर्षी आमच्याच बांधावरून जात होते. ठेलाऱ्यांचे, म्हणजे फिरत्या मेंढपाळांचे. धुळे जिल्ह्यात ज्याने ठेलाऱ्यांचा वाडा चालताना पाहिला नाही त्याने काही पाहिलं नाही, असं माझं मत आहे. पुढे मेंढरांचा लोट, मागे घोडी. घोड्यावर बाज उलटी बांधलेली, बाजेत भांडी, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू आणि त्याच्या शेजारी घरातलं सगळ्यात लहान माणूस. मोकळ्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, बदल्यात शेतकरी धान्य देतो. घोड्यांच्या सावलीतून चालणारे कुत्रे लांब तंगड्यांचे, बरगड्या मोजता येतील असे, एकाच हाडाचे. पणज्याचं नाव कुणाला माहीत नाही. भुंकतही नाहीत उगाच. आपण मेंढरांच्या दिशेने चालू लागलो की त्यातला एक उठतो आणि येऊन आडवा उभा राहतो. त्यानंतर आपल्याला तिकडे काही काम नव्हतं, असं आपल्याच लक्षात येतं.

बापूंनी एका ठेलाऱ्याकडून जवळजवळ वाढलेला कुत्रा एक पोतं बाजरीवर घेतला. ठेलारी द्यायला राजी नव्हता. "ऱ्हावाव नही तो," असं तो दोनदा म्हणाला, पण बाजरी पाहून थांबला. कुत्रा आमच्याकडे राहिला. कळण्याची भाकरी खाल्ली, आजी खूश. गोचीड नाही, कूलर नाही. फक्त शेळ्यांकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. ज्या वावरात मेंढरं बसून गेली होती, त्या वावरात जाऊन तो बसायचा आणि रात्रभर लेंड्यांची राखण करायचा. एका पहाटे दाव्यासकट गेला.

या प्रकाराला मोठी परंपरा आहे, हे मी बापूंना सांगायला गेलो. रोमन पंडित वॅरो याने ख्रिस्तपूर्व 37 च्या सुमारास शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात एका गृहस्थाची हकीकत आहे. त्याने उंब्रिया प्रांतात मेंढरांचे कळप घेतले, कुत्रे सौद्यात आले, धनगर आले नाहीत. धनगरांनी जनावरं मुक्कामी पोचवून दिली आणि ते परतले. काही दिवसांनी कुत्रेही निघाले आणि कित्येक दिवसांची वाट तुडवत उंब्रियात धनगरांकडे हजर झाले. वॅरोने नंतरचं लिहिलेलं नाही, पण तो गृहस्थ पैसे परत मागायला गेला असणार.

बापू तर गेलेच. मोटारसायकलवर विचारत विचारत त्यांनी वाडा दोंडाईच्याच्या अलीकडे गाठला. कुत्रा मेंढरांत बसला होता, गळ्यात आमचं दावं. बापूंनी हाक मारली, त्याने पाहिलं आणि शेपटी जमिनीवर एकदा आपटली. तेवढ्यावर भागवलं.

"माझा कुत्रा," बापू म्हणाले.

"तो मेंढरंसना शे दादा," ठेलारी म्हणाला. "मना बी नही."

बाजरी तोवर खाऊन झाली होती. बरीच घासाघीस होऊन असं ठरलं, की परतीच्या वाटेवर वाडा आमच्या शेतात दोन रात्री फुकट बसेल आणि दावं तेवढं आत्ताच परत मिळेल.

ठेलाऱ्याने शब्द पाळला. मेंढरं विहिरीलगतच्या मोकळ्या वावरात बसली. पहिल्याच रात्री थ्री फेजची पाळी होती आणि पलीकडच्या वाफ्यातला कांदा पाण्यावर आला होता. बापू कंदील घेऊन निघाले तर पायवाटेवर तो उभा. भुंकला नाही. बापूंनी त्याला नावाने पुकारलं, भाकरी दाखवली, एक पोतं बाजरीची आठवण करून दिली. तो भाकरी खाऊन पुन्हा आडवा उभा राहिला. स्टार्टरची पेटी वीस पावलांवर होती. बापूंनी सालदाराला हाका मारल्या, पण सालदार आणि शिझ्या दोघंही बाजेखाली-वर गाढ होते. पहाटे लाइट गेली, कांदा कोरडा तो कोरडाच.

सकाळी ठेलारी आमच्याच ओट्यावर चहा घेत म्हणाला, "कुत्रा बेस शे ना दादा?" बापूंनी उत्तर न देता त्याला विचारलं, की याच्या आईला पुन्हा पिल्लं कधी होणार आणि त्यातलं एक पहिल्यापासून शेळीच्या दुधावर वाढवायचं ठरवलं तर बाजरी किती.