दोन इंच माया

पुसेगाव म्हटलं की लोक सेवागिरी महाराजांना हात जोडतात. ते पुसेगाव साताऱ्याकडचं. आमचं हिंगोली जिल्ह्यातलं. आमच्याकडे जत्रेचा तेवढा बोलबाला नाही, पण जवळ नर्सी आहे. संत नामदेवांचं गाव, आणि नामदेव शिंप्याच्या घरचे. तेव्हा कपड्यांवर बोलायचा हक्क आमचाच.

परवा पुतण्याच्या लग्नासाठी निरोप समारंभातली सफारी काढली. मी आत गेलो, पोट बाहेरच राहिलं. शिंप्याकडे नेली. त्यानं शिवण उलटी करून चष्म्यावरून पाहिलं.

"गुरुजी, दोन इंच माया आहे. जुनं काम आहे म्हणून. रेडिमेडला मायाच नसते."

शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, ती माया. माणूस सुटणार हे आमच्या शिंप्यांनी आधीच धरलेलं असतं. कंपन्यांना वाटतं गिऱ्हाईक जन्मभर बत्तीस कमरेचंच राहणार.

तसं मीही चौतीसच सांगतो. "चौतीस खरी, पण ती पोटाखाली कुठं बांधता ते सांगा ना," असं आमच्या सौभाग्यवती शिंप्यादेखत म्हणाल्या. डॉक्टर लोक पट्ट्यापाशी नाही, वर पोटावर टेप लावतात. भारतीय पुरुषाला ९० सेंटीमीटर, बाईला ८०, त्यापुढे धोका. ९० म्हणजे जेमतेम साडेपस्तीस इंच. मी टेप परत गुंडाळून ठेवला.

आईचं बरं होतं. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. लग्नात नेसली तेव्हा सडपातळ होती, पणजी झाली तेव्हा नव्हती. लुगड्यानं कधी चकार शब्द काढला नाही. फक्त निऱ्या कमी-जास्त झाल्या. पुढाऱ्यांनी हेच तत्त्व उचललं. निवडून आल्यावर ज्यांची माया वाढते ते ढगळ पांढरा कुडता घालतात, वर जाकीट. ती माया उसवायला कुणी शिंपी धजत नाही.

आपल्या मापाचे कपडे मिळावेत म्हणून केंद्र सरकारनं निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेकडून 'इंडिया साइज' नावाची मोजणी काढली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर, शिलाँग अशी ६ शहरं, २५ हजार माणसं, अंगभर फिरणारं स्कॅनर. पुसेगाव यादीत नाही, हे समजू शकतो. पण वयोगट १५ ते ६५! म्हणजे अंग खरं जिथून मनमानी करू लागतं, तिथंच सरकारचा टेप संपला. मी ६७ चा. माझं माप देशाच्या हिशेबात नाही.

शिंप्याच्या वहीत मात्र आहे. "आता एक इंच सोडतो," तो म्हणाला, "एक राहू द्या, नातवाच्या लग्नाला."

सफारी शनिवारी मिळणार आहे. लग्न शुक्रवारी. वडिलांचं धोतर पेटीतून काढून उन्हात टाकलंय.