कसब्याचा बालेकिल्ला

पुण्यात कुठलीही गोष्ट पंचवीस-तीस वर्षं टिकली, की ती पेशवाईपासून चालत आली आहे असं आपण धरून चालतो. मग ते अमृततुल्य असो, भेळेची गाडी असो, नाहीतर आमदार. ‘कसबा हा भाजपचा बालेकिल्ला’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे, की शनिवारवाडा बांधताना खर्चाच्या वहीत त्याचीही नोंद झाली असावी असं वाटायला लागलं होतं.

जुने निकाल काढून बसलं की मात्र पंचाईत होते. १९६२ साली कसब्यातून काँग्रेसचे बाबूराव सणस निवडून आले. पुढच्या दोन्ही वेळांनाही काँग्रेसच. १९७२ ला तर लीलाताई मर्चंट. आणीबाणी उठल्यावर १९७८ ला जनता पक्षाचे अरविंद लेले आले. १९८० ला पुन्हा लेलेच, पण तोवर पक्ष बदलून भाजप झाला होता, म्हणजे उमेदवार जुना आणि पाटी नवी. १९८५ ला काँग्रेसचे उल्हास काळोखे. १९९० ला भाजपचे अण्णा जोशी. वर्षभरात अण्णा लोकसभेवर गेले, जागा रिकामी झाली, आणि पोटनिवडणुकीत आले काँग्रेसचे वसंत थोरात. एक तुला, एक मला, असा हा सारा मामला. त्या पोटनिवडणुकीत पडलेल्या भाजपच्या उमेदवाराचं नाव होतं गिरीश बापट.

हे बापट पुढे १९९५ पासून २०१४ पर्यंत सलग पाच वेळा निवडून आले, आणि बालेकिल्ला हा शब्द तेव्हापासूनचा. टेल्कोत नोकरी केलेला, आणीबाणीत तुरुंगात जाऊन आलेला हा माणूस. पेठेतल्या लोकांना तो भेटायचा गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत आणि मयतीला. विनोदही करायचा, आणि पुण्यात राजकारण्याच्या विनोदाला हसणारे लोक मिळवणं ही सोपी गोष्ट नाही. तरीही २००९ चा निकाल नीट पाहिला तर तटबंदीला चांगली भगदाडं दिसतात. मनसेचे रवींद्र धंगेकर दुसरे, काँग्रेसचे रोहित टिळक त्यांच्या अगदी पाठीला पाठ लावून तिसरे, आणि बापट दुसऱ्यापेक्षा जेमतेम आठ हजारांनी पुढे. त्या दोघांच्या मतांची बेरीज केली तर बापट कितीतरी मागे पडतात. बेरीज करणारे आपल्याकडे पुष्कळ, पण ती निकालानंतर करतात.

राजकारण जरा बाजूला ठेवून मतदारयादीकडे वळतो, कारण कसब्याचा खरा इतिहास तिच्यात आहे. आमच्या काकूचं उदाहरण घ्या. मंडईजवळचा तिचा वाडा बिल्डरने पाडला आणि ती मुलाकडे कोथरूडला गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. गॅस बदलला, बँक बदलली, दाताचा डॉक्टरसुद्धा बदलला. यादीतलं नाव मात्र कसब्यातच. आठ नंबरचा फॉर्म भरला की नाव कोथरूडला जातं, असं मी तिला सांगून पाहिलं.

‘‘तिकडे मत देऊन काय करू?’’ काकू म्हणाली. ‘‘तिकडे मी ओळखते कुणाला?’’

लोकशाहीवर पुष्कळ व्याख्यानं ऐकली, पण या प्रश्नाचं उत्तर मला एकातही मिळालेलं नाही.

तर २०२४ च्या नोव्हेंबरात काकू वनाजहून मेट्रोत बसली, सिव्हिल कोर्टला गाडी बदलली आणि मंडई स्टेशनला वर आली. स्टेशन नुकतंच सुरू झालं होतं, त्यामुळे सरकत्या जिन्याची तपासणी आधी आणि लोकशाही मग. शाळेपासून कायद्याच्या अंतरावर पक्षांची टेबलं मांडलेली. टेबलामागच्या पोराने विचारलं, ‘‘काकू, यादी भाग कितवा?’’

‘‘ते तू बघ. मी घर नंबर सांगते.’’

त्या घर नंबरावर आज बहुमजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान आहे. यादीत मात्र अजून आमचा वाडा उभा! काकूने पोराच्या हातातले कागद ओढून घेतले, चष्मा वर केला आणि बोट फिरवत वाचायला लागली. ‘‘हे पुढच्या चौकातले... हे माडीवरचे... अगं बाई, हे तर करोनात गेले की रे. आणि ही लग्न होऊन नाशिकला गेली.’’ मागे रांग वाढत होती. पोराने दोनदा हात पुढे केला, दोनदा मागे घेतला. यादी अद्ययावत करणाऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याने इतकं कसून काम केलं नसेल. शेवटी चिठ्ठी मिळाली, चिमुकल्या बाकांच्या वर्गात बोटाला शाई लागली आणि काकू आवळे घ्यायला मंडईकडे वळली. मत कुणाला दिलं हे तिने सांगितलं नाही, काकांनाही कधी सांगितलेलं नव्हतं.

गेलेल्यांची नावं अशी राहतात, आणि राहिलेल्यांचं निराळंच दुखणं. शनिवारवाड्याच्या शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, असा संरक्षित वास्तूंचा कायदा आहे. तिथले वाडे धड पाडता येत नाहीत, धड बांधता येत नाहीत. दर निवडणुकीला प्रत्येक उमेदवार हा प्रश्न सोडवण्याचं वचन देतो. कायदा संसदेचा आणि उमेदवार विधानसभेचा, एवढी बारीक अडचण तेवढी मध्ये असते. मतदार मात्र जागचा हलत नाही. पक्का मतदार म्हणतात तो हाच, कच्च्या भिंतीच्या घरातला.

तर पुन्हा राजकारणाकडे. २०१९ ला बापट खासदार झाले आणि विधानसभेवर मुक्ता टिळक गेल्या. ४७ वर्षांनी कसब्याला पुन्हा महिला आमदार मिळाली. २०२२ च्या जूनमध्ये, आजारपण अंगावर असताना, त्या राज्यसभा आणि विधान परिषदेच्या मतदानासाठी रुग्णवाहिकेतून मुंबईला गेल्या. डिसेंबरात त्यांचं निधन झालं आणि पोटनिवडणूक लागली. भाजपने तिकीट टिळकांच्या घरात न देता हेमंत रासने यांना दिलं. समोर काँग्रेसकडून तेच धंगेकर, २००९ ला दुसरे आलेले.

त्या फेब्रुवारीत पेठांना जी किंमत आली ती पुन्हा यायची नाही. एरवी ज्या बोळात रिक्षा शिरत नाही, तिथून मुख्यमंत्री फिरले, उपमुख्यमंत्री फिरले, विरोधी पक्षनेतेही फिरले. ब्राह्मणांच्या हातून कोथरूड गेलं, कसबा गेला, आता पुढचा नंबर कुणाचा, अशा अर्थाचा फलक झळकला. पुणेरी पाटीची परंपरा राजकारणालाही उपयोगी पडते ती अशी. ब्राह्मण समाज नाराज आहे म्हणून वाहिन्यांवर रोज चर्चा झडत होत्या. ती नाराजी घेऊन हिंदू महासंघाचे आनंद दवे उभे राहिले आणि त्यांना तीनशेही मतं पडली नाहीत, ‘नोटा’ त्यांच्या पुढे गेला. आमच्याकडे नाराजी ही बोलण्याची गोष्ट असते, ती घेऊन उन्हात रांगेत उभं राहायचं नसतं. बापट नाकात ऑक्सिजनची नळी घालून, चाकाच्या खुर्चीत बसून कार्यकर्त्यांना भेटायला आले, आणि ते पाहून विरोधी पक्षातले लोकही हळहळले. सत्ताधाऱ्यांतल्या एका मंत्र्यांनी मात्र इंग्रजीत विचारलं, ‘‘हू इज धंगेकर?’’

इंग्रजीत विचारलं तिथेच गणित चुकलं असं माझं मत आहे. ज्याला चार वेळा नगरसेवकाच्या दारात जाऊन नळाला पाणी का नाही हे विचारायचं असतं, तो माणूस असला प्रश्न स्वतःवर घेतो. २ मार्च २०२३ ला धंगेकर सुमारे ११ हजारांनी निवडून आले. मतदान झालं होतं जेमतेम पन्नास टक्के. उरलेले पन्नास टक्के घरी बसले होते, आणि असंच होणार हे आपल्याला आधीच ठाऊक होतं, असं दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर तेच सांगत होते.

१९९१ आणि २०२३, दोन पोटनिवडणुका आणि दोन्हींना काँग्रेस. पोटनिवडणुकीने सरकार जात नाही हे कसबेकराला पक्कं ठाऊक असतं. कान तर उपटायचा, पण ऐकू येणं बंद व्हायला नको, अशी ती सोय आहे. कारण दीडच वर्षात, २०२४ च्या मोठ्या निवडणुकीत, त्याच रासने यांनी त्याच धंगेकरांना १९,४२३ मतांनी पाडलं. बोळ तेच, वाडे तेच, आणि कोथरूडहून आलेल्या काकवाही बहुधा त्याच.

२०२५ मध्ये धंगेकर काँग्रेस सोडून एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेत गेले, म्हणजे ज्या पक्षाला पाडून ते आमदार झाले त्याच्याच मित्रपक्षात. रासने आणि धंगेकर, दोघंही एकाच मांडवाखाली आले. ही बातमी मी काकूला फोनवर सांगितली, तर ती म्हणाली, ‘‘मग पुढच्या वेळेला टेबल एकच मांडतील का रे? यादी तरी लवकर सापडेल.’’