मधलं नाव

चंदूकाका पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले, ही माहिती खरी असली तरी काकांच्या मते फारच अपुरी आहे. त्यांचं नाव चंद्रकांत पाटील. म्हणजे 2019 साली ते कोथरूडमधून विधानसभेवर गेले, त्याच खेपेला मुक्ताईनगरातून अपक्ष म्हणूनही निवडून आले, आणि त्याआधी उन्हाळ्यात नवसारीहून 6,89,668 मतांच्या फरकाने लोकसभेवर पोहोचले. देशातली त्या निवडणुकीतली सगळ्यात मोठी आघाडी ती! या धबडग्यात कविता लिहिणं आणि हिंदी कवितेचे मराठी अनुवाद करणं, हेही त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. काका स्वतः वर्तमानपत्रातल्या राशिभविष्यापलीकडे काही वाचत नाहीत, हा भाग निराळा.

"आमच्यातला एक कवी आहे," असं ते सांगतात. आमच्यातला म्हणजे घरातला नव्हे, नावातला. 2024 मध्ये नवसारीचे चंद्रकांत पाटील केंद्रात जलशक्ती मंत्री झाले, तेव्हा काकांनी जुन्या साहेबांना फोन लावला. "साहेब, हयातभर तुम्ही माझी बढती अडवलीत. आता अख्ख्या देशाचं पाणी आमच्या नावावर आहे!"

मराठी माणसाने या घोटाळ्यावर फार पूर्वीच तोड काढून ठेवली आहे. ती म्हणजे मधलं नाव. कोथरूडचे बच्चू पाटलांचे, मुक्ताईनगरचे निंबा पाटलांचे, नवसारीचे रघुनाथ पाटलांचे, विषय मिटला. पण चंदूकाकांच्या वडिलांचं नाव आमच्या सोसायटीत कित्येक वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग एकदा कुठल्याशा पतपेढीची थकबाकीची नोटीस चुकून त्यांच्या दारात आली. त्या दिवशी आम्हाला वडिलांचं नाव कळलं, आजोबांचं कळलं, गावच्या जमिनीचा गट नंबरही कळला. "चंद्रकांत पाटील काय, ढिगाने आहेत हो महाराष्ट्रात!" काका जिन्यात उभे राहून ओरडत होते. मानमरातबाला एकत्र कुटुंब आणि कर्जाला वाटणीपत्र, असा त्यांचा रोखठोक हिशेब.

सरकारने मात्र असली माणसं चांगलीच ओळखलेली दिसतात. म्हणून तर कंपनीच्या संचालकाला आठ आकडी क्रमांक देतात आणि प्राप्तिकरवाले दहा अक्षरांचा पॅन गळ्यात बांधतात. एकाच नावाचे दोन उमेदवार उभे राहिले तर नावापुढे धंदा किंवा गाव लिहून फरक दाखवावा, असं 1961 चे निवडणूक नियम सांगतात. 2015 पासून मतदान यंत्रावर फोटोही आला. त्याच्या आदल्याच वर्षी रायगडात सुनील तटकरे 2,110 मतांनी पडले होते, आणि त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराला 9,849 मतं होती. हा किस्सा ऐकून कुणाला हळहळ वाटेल, कुणाला चीड येईल. काकांचे डोळे चमकले. "म्हणजे काहीही न करता, नुसत्या नावाला दहा हजार!"

पुढच्याच सोसायटी निवडणुकीत त्यांनी अर्ज भरला. आमच्या दुर्दैवाने सी विंगमध्ये त्याच नावाचे एक हाडांचे डॉक्टर राहतात आणि त्यांनीही भरला. कागदावर एकाच्या पुढे 'डॉक्टर' आणि दुसऱ्याच्या पुढे 'निवृत्त लिपिक' छापायचं ठरलं. काकांनी जोरदार हरकत घेतली. "धंदा कशाला लिहायचा? मधलं नाव लिहा!" म्हणाले. पण डॉक्टरांच्या वडिलांचं नावही नेमकं तेच निघालं. काका चार दिवस कुणाशी बोलले नाहीत.

डॉक्टर भरघोस मतांनी आले, काकांना अठरा मतं पडली. रात्री आमची बेल वाजली. दारात काका, हातात पेढ्यांचा पुडा.

"घ्या," म्हणाले, "आलो निवडून."