अर्धा किलो निर्भयता

दिल्लीच्या निर्भया प्रकरणाला वर्ष उलटलं आणि जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी खास ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आणलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, सहा गोळ्यांचं, वजन फक्त ५०० ग्रॅम. पर्समध्ये सहज मावणारं. सोबत दागिन्यांना शोभेल अशी मरून पेटी. म्हणजे भाऊबीजेची सोय झाली! रिव्हॉल्व्हर हलकं आहे, यात वाद नाही. जड होती ती तेव्हाची सव्वा लाखाच्या घरातली किंमत, आणि त्याहून जड परवान्याची फाईल. रात्री शेवटच्या बसची वाट पाहणाऱ्या नर्सबाईंकडे एवढे पैसे असते, तर त्या रोज टॅक्सीने गेल्या नसत्या का? एकूण काय, सुरक्षेचं ओझं सरकारने अर्ध्या किलोवर आणलं आणि बाईच्याच खांद्याला अडकवलं.