नालीला तोंड असतं

डॉक्टरांनी साखर बंद केली त्याला चार महिने झाले होते. कुणीतरी आणलेला गुलाबजामचा डबा फ्रिजच्या तळाशी, सांबाराच्या जुडीमागे दडून बसला होता. (सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये.) एका रात्री बायको झोपल्यावर उरलेले चार मी उभ्याउभ्याच संपवले. पाक प्यायचं धाडस मात्र झालं नाही. तो मागच्या न्हाणीत ओतला, वरून तांब्याभर पाणी सोडलं, डबा धुऊन पालथा घातला आणि निर्धास्त झोपलो.

सकाळी न्हाणीपासून बाहेरच्या नालीपर्यंत मुंग्यांची रांग. रांग कसली, पंचनामाच. बायकोने आधी रांग पाहिली, मग डबा, मग मला.

"किती होते?"

मी दोन सांगितले.

मुंग्या जे काम फुकट करतात तेच सरकारं बर्फाच्या पेट्या आणि प्रयोगशाळा लावून करतात, हे मला ठाऊक होतं. पण ते आपल्या न्हाणीपर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने घेऊन त्यात पोलिओचा विषाणू शोधतात. त्यामागचं गणित साधं आहे. पोलिओची लागण झालेल्या साधारण दोनशेंमध्ये एखाद्याचाच हात किंवा पाय लुळा पडतो. बाकीचे खेळतात, भांडतात, शाळेत जातात आणि आठवडेच्या आठवडे शौचावाटे विषाणू बाहेर टाकत राहतात. दवाखान्यात वाट पाहत बसलेल्या डॉक्टरला तो एकच दिसतो. नालीकाठी बसलेल्याला उरलेल्यांचीही चाहूल लागते. देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, २०१४ च्या मार्चमध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला, तरी गटारांवरची नजर हटवलेली नाही. कोरोनाच्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनीही सांडपाण्यात त्या विषाणूचा माग काढला. नाक दाखवायला लोक लाजत होते, लपत होते. सांडपाणी लपून कुठे जाणार?

आता सज्जन माणूस विचारेल, यासाठी आमची परवानगी कुणी घेतली? घेतली नाही. मोरीत पाणी ओतताना कुणी सही करत नाही. रक्त तपासायचं तर दंड पुढे करावा लागतो आणि नको असेल तर बाही खाली घेता येते. नालीच्या बाबतीत नाही म्हणायचं तर एकच वाट उरते, ती इथे लिहिण्यासारखी नाही.

तसं आमच्या आर्णीत हे काम प्रयोगशाळा निघण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. आमच्या गल्लीत भुयारी गटार नाही. संडासाचं टाकीत जातं आणि न्हाणीचं, भांड्यांचं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उघड्या नालीतून वाहतं. आमच्या शेजारच्या मावशी दारात बसून ती नाली वर्तमानपत्रासारखी वाचतात. हळदीचं पाणी आलं की पलीकडे लगीनघर. तेलाचा तवंग दिसला की पाहुणे. ऐन श्रावणात गुलाबी पाणी दिसलं, की मावशी पदर तोंडाला लावून म्हणतात, "मायबाई! कोंबडी धुतली वाट्टे!" कुणाच्या घरून आलं हेही त्या उताराच्या हिशेबाने बिनचूक सांगतात. आणि बातमी दुपारपर्यंत बसस्टँडवर पोचलेली असते.

मावशींच्या आणि मुंबईच्या पद्धतीत फरक आहे तो बाटली कुठे धरली याचा. मुंबईचा नमुना जिथे हजारो-लाखो माणसांचं पाणी एक होतं तिथला. त्यात मी आहे, तुम्ही आहात, आणि कुणीच नाही. मावशींचा नमुना दाराशीच घेतलेला.

हे तारतम्य मी पुस्तकात वाचलं नाही, आमच्या नालीवरच्या सफाई कामगाराकडून शिकलो. तो फावड्याने गाळ काढतो आणि काठावर ठेवतो. तो गाळ उचलायला गाडी तीन दिवसांनी येते आणि पाऊस दुसऱ्याच दिवशी येतो, तेव्हा गाळ पुन्हा आपल्या जागी जातो. पण तो विषय वेगळा. त्या गाळात गोळ्यांची रिकामी पाकिटं निघतात, तुटकी बांगडी निघते, पव्वे निघतात. पव्वे मात्र तो सापडले त्या दारासमोर ठेवत नाही. पोत्यात गोळा करतो आणि चौकात सगळे एकत्र ओततो.

"काऊन गा?" मी एकदा विचारलं.

"दारात ठेवले तं घरात भांडन होते जी. चौकात ठेवले तं गावाचे होते."

मोठमोठ्या समित्या नमुने एकत्र करण्यावर अहवाल लिहितात. याने पोतं वापरलं.

पण गाव तरी केवढं असावं, की त्यात माणूस लपेल? २०१३ साली इस्रायलच्या वाळवंटातल्या रहात नावाच्या, बेदुईन अरबांच्या शहरातल्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला. एकही लेकरू आजारी पडलं नव्हतं. सरकारने लाखो मुलांना डोस पाजले, काम चोख झालं. पण रहातचं नाव जगभर छापून आलं, ते असं. उद्या हेच आर्णीच्या नशिबी आलं तर? बाबा कंबलपोष यांच्या उरुसाला कुठून कुठून माणसं येतात, जेवतात, राहतात, जातात. विषाणू कुणीतरी पाहुणा सोडून जाईल आणि नाव लागेल आमच्या अरुणावती नदीच्या काठचं. मग एखाद्या सोयरिकीत मुलाकडचे सुपारी कातरता कातरता विचारतील, "आर्णीची होय मुलगी? तिथल्या नालीत काहीतरी निघालं होतं म्हणे." लग्न मोडायला यापेक्षा कमी कारणं पुरतात.

शिवाय माणसाची हौस विषाणूपाशी थांबत नाही. युरोपात शहराशहराच्या सांडपाण्यातलं कोकेन मोजून दरवर्षी यादी छापतात. त्यात बेल्जियमचं अँटवर्प बहुतेक वेळा वरच्या नंबरात. दारूचाही माग सांडपाण्यात लागतो. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तिथे कुणी ही बाटली बुडवू नये, अशी माझी शेजारधर्माची विनंती आहे.

नजर ठेवणाऱ्यांचा एक अनुभव आपल्या गाठीशी आहेच. हागणदारीमुक्तीच्या दिवसांत गावोगावी गुड मॉर्निंग पथकं निघत. पहाटेच्या अंधारात लोटा घेऊन निघालेल्या माणसासमोर शिट्टी वाजायची, कधी गुलाबाचं फूल मिळायचं. ज्याच्या घरी संडास बांधायला जागा नाही त्याने ते फूल कुठे लावायचं, हे पथकाने सांगितल्याचं ऐकिवात नाही. हेतू वाईट नव्हता. वऱ्हाडच्याच गाडगेबाबांनी जन्मभर गावं झाडली, पण त्यांनी आधी खराटा हातात घेतला आणि बोलणं कीर्तनात केलं, तेही सगळ्या गावाला उद्देशून.

म्हणून बाटली बुडवणाऱ्याला माझं एवढंच विचारणं असतं: सापडल्यावर काय करणार? डोस घेऊन येणार असाल तर खुशाल बुडवा. नुसती शिट्टी वाजवणार असाल तर नको. आणि डोस आणणार असाल तर तोही नीट बघून आणा. जानेवारी २०२१ च्या पोलिओ मोहिमेत आमच्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, बारा लेकरांना डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. लेकरं सुखरूप राहिली. नाली कितीही खरं बोलली तरी पुढे बरोबर बाटली उचलणारा हात लागतोच.

मुंग्यांचं म्हणाल तर त्यांना यातलं काहीच सांगता येत नाही. त्या घर बघून येतात.

गेल्या आठवड्यात पुतण्याने रसगुल्ल्याचा डबा आणला. या वेळी मी शहाणा झालो होतो. रात्री अकराला पाक गंजात घेतला, वर ताटली झाकली, आणि न्हाणीला वळसा घालून थेट चौकातल्या मोठ्या नालीपाशी गेलो. तिथे खांबाच्या उजेडात मावशींचे यजमान उभे होते. त्यांनाही डॉक्टरांनी काय काय बंद केलंय ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्यांच्या हातात झाकलेला लोटा होता.

मी गंज जरा मागे धरला. त्यांनी लोटा जरा मागे धरला.

"पाणी येईल वाट्टे," ते आभाळाकडे बघत म्हणाले.

"येईल जी," मी म्हणालो.